एक भाकरी की दीड? वजन उतरवताना स्वतःचा आकडा काढायची रीत

वजन कमी करायचं म्हटलं की साताऱ्यात काय आणि सांगलीत काय, पहिला सल्ला ठरलेला: "भात बंद कर, रात्रीचं जेवण सोड." दुसरा मोबाइलवर येतो. 1200 कॅलरीचा तक्ता, त्यात ओट्स, ब्रोकोली आणि "एक मध्यम भाकरी". मध्यम म्हणजे केवढी, हे तक्ता सांगत नाही. माण-खटावकडच्या घरात शाळूची (रब्बी ज्वारीची) भाकरी तव्याएवढी असते आणि शहरातल्या फ्लॅटमध्ये बशीएवढी. दोन्हीला "एक भाकरी" म्हटलं की फरक दीडशे कॅलरीपर्यंत जातो. दिवसाला अशा तीन भाकऱ्या झाल्या, तर सगळं डाएट त्या एका शब्दात बुडतं.

किती खायचं याचा आकडा दुसऱ्याच्या तक्त्यात सापडत नाही. तो आपल्या घरचं पीठ, आपल्या घरचं तेल आणि आपलं चार आठवड्यांचं वजन यांतून काढावा लागतो. पुढे जिथे जिथे कॅलरी म्हटलं आहे, तिथे पाकिटावर छापलेली किलोकॅलरीच समजा.

1. आधी पाहा: हे आपल्यासाठी आहे का

गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायका, 18 वर्षांखालची मुलं, मूत्रपिंडाचा आजार असलेले, आणि कधीकाळी जेवण टाळण्याचा किंवा खाऊन उलट्या काढण्याचा त्रास झालेले यांनी स्वतःच्या हिशेबावर खाणं कमी करू नये. इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी मधुमेहाची गोळी चालू असेल, तर भाकरी कमी करण्याआधी डॉक्टरांना सांगा. जेवण घटलं आणि औषध तेवढंच राहिलं की साखर एकदम खाली जाते. बीपीच्या गोळीचंही तसंच. वजन उतरेल तशी ती बदलावी लागू शकते.

सोबत ठेवायचे कागद: उपाशीपोटीची साखर किंवा एचबीएवनसी (तीन महिन्यांची सरासरी साखर), टीएसएच (थायरॉइडसाठी), हिमोग्लोबिन आणि क्रिएटिनिन (मूत्रपिंडासाठी) यांचे अलीकडचे रिपोर्ट, आणि चालू औषधांची यादी. साखर आणि बीपीची तपासणी 30 वर्षांवरच्यांसाठी सरकारी प्राथमिक आरोग्य केंद्रात मोफत होते.

वजन खरंच जास्त आहे का, हेही एकदा बघा. आपल्याकडच्या लोकांसाठी बीएमआय (किलोतलं वजन भागिले मीटरमधल्या उंचीचा वर्ग) 23 च्या पुढे जास्त आणि 25 च्या पुढे लठ्ठपणा धरतात. कमरेचा घेर पुरुषांत 90 सेंटीमीटर आणि बायकांत 80 सेंटीमीटर ही मर्यादा. वजन काठावर आणि पोट पुढे असेल, तर टेपचं ऐका.

2. सामान

- स्वयंपाकघरातला डिजिटल काटा, 1 ग्रॅमपर्यंत दाखवणारा आणि भांडं ठेवून शून्य करता येणारा
- 5 आणि 15 मिलिलिटरचे मापाचे चमचे
- माणसाचा वजनकाटा, फरशीवर एकाच जागी ठेवलेला (गादी किंवा सतरंजीवर नको)
- शिंप्याचा टेप, एक वही आणि वहीला दोऱ्याने बांधलेला पेन. पेन शोधायला लागला की नोंद राहते ती राहतेच.

काटा आला की पहिलं काम म्हणजे घरातली वाटी मोजा. रिकामी वाटी ठेवा, शून्य करा आणि पाणी भरा. जितके ग्रॅम तितके मिलिलिटर. आमटीची वाटी कुठे 120 ची असते, कुठे 200 ची. हा आकडा वहीच्या पहिल्या पानावर लिहा.

3. पहिला आठवडा काहीही बदलू नका

रोज खाता तेच खा आणि सगळं लिहा. चहा, चहाबरोबरचा खारी-टोस्ट, मुलाच्या ताटात उरलेला भात, भाजी चाखून पाहिली ते, सगळं. रोज सकाळी संडासला जाऊन आल्यावर, चहाआधी, साधारण सारख्याच कपड्यांत वजन करा. सात दिवसांची बेरीज करून सातने भागा. यापुढे हिशेबात फक्त ही सरासरी धरायची, एखाद्या दिवसाचा आकडा नाही.

इथे एक गंमत हमखास होते. लिहायचं आहे म्हटल्यावर माणूस आपोआप कमी खातो, आणि मग वहीत रोजचं जेवण न येता पाहुण्यांसमोरचं जेवण येतं. तसं झालं असेल तर आणखी एक आठवडा लिहा. घाई नाही.

4. सुरुवातीचा आकडा

मिफ्लिन-सेंट जिऑर हे 1990 सालचं सूत्र सगळीकडे वापरतात:

वजन (किलो) × 10, अधिक उंची (सेंमी) × 6.25, वजा वय × 5. पुरुषांनी यात 5 मिळवायचे, बायकांनी 161 वजा करायचे.

उदाहरण घेऊ: बाई, वय 42, उंची 155 सेंमी, वजन 68 किलो. 680 + 969 − 210 − 161 = 1278. नुसतं पडून राहिलं तरी शरीराला एवढं लागतं. आता हालचालीचा गुणक. दिवसभर बसून काम असेल तर 1.2, घरकाम आणि थोडं चालणं असेल तर 1.375, रोज अंगमेहनत असेल तर 1.55. इथे 1.375 धरला तर 1757 येतात, म्हणजे साधारण 1750 खाल्लं तर वजन आहे तिथेच राहावं.

गुणक निवडताना हात आखडता ठेवा. शेत आपलं आहे पण राबतात गडी, तर 1.55 गड्याचा. शिवाय हे सूत्र अमेरिकेतल्या माणसांवर मोजून बसवलेलं आहे. आपल्याकडे ते थोडं जास्तच दाखवतं.

त्यातून 350 ते 450 कमी करा. इथे सुरुवात 1350 पासून होईल. बाईने 1200 च्या आणि पुरुषाने 1500 च्या खाली डॉक्टरांच्या देखरेखीशिवाय जाऊ नये. फार झपाट्याने वजन उतरलं की केस गळतात, स्नायू झिजतात आणि पित्ताशयात खडे होण्याचा धोका वाढतो.

हा आकडा म्हणजे अंधारात टाकलेलं पहिलं पाऊल. तो दुरुस्त होतो सातव्या पायरीत.

5. भाकरी, तेल आणि पातेलं

या पायरीवर कंटाळा करू नका. बाकीचं थोडं इकडेतिकडे झालं तरी चालतं, पण ही तीन मापं चुकली की सगळं चुकतं.

*भाकरी.* भाजलेली भाकरी तोलू नका. ती किती भाजली आणि पाणी किती राहिलं यावर तिचं वजन बदलतं. पीठ तोला. परातीत चार भाकऱ्यांचं पीठ घेतलं, समजा 300 ग्रॅम. थापताना खाली लावायची पिठीही यातूनच काढायची, डब्यातून वेगळी नाही. शेवटी परातीत उरलेलं झटकून परत तोला. 20 ग्रॅम उरलं, तर 280 गेलं, म्हणजे भाकरीला 70 ग्रॅम. ज्वारीच्या 100 ग्रॅम पिठात साधारण 335 कॅलरी असतात, तेव्हा ही भाकरी 235 ची. तीच भाकरी थोडी मोठी, 100 ग्रॅमची झाली, की 335. चार-पाच दिवस असं केलं की हाताला गोळ्याचा अंदाज येतो, मग रोज तोलायची गरज नाही. आठवड्यातून एकदा पडताळून बघा, कारण हात हळूहळू सैल होतो.

"ज्वारीची भाकरी खाल्ली तर वजन उतरतं, चपातीने वाढतं" हे डोक्यातून काढा. गव्हाचं पीठ 100 ग्रॅमला 320, बाजरी 350, कच्चा तांदूळ 355. सगळी एकाच आळीतली. फरक पडतो तो चपातीच्या घडीत लावलेल्या तेलाने आणि भातावर पातळ आमटी ओतून नकळत दोनदा घेतलेल्या वाढीने. भाकरीला चावायला वेळ लागतो, हा मात्र तिचा खरा फायदा.

*तेल.* 15 मिलिलिटरच्या चमच्यात 120 कॅलरी. फोडणीची पळी मात्र मापाची नसते. तिच्यात पाणी भरून काट्यावर बघा, बऱ्याचदा दोन मोठे चमचे निघतात. घरचं एकूण तेल कळायला सोपा उपाय: तेलाचा डबा फोडला त्या दिवशी त्यावर तारीख लिहा. चार माणसांच्या घरात 5 लिटर एका महिन्यात संपलं, तर प्रत्येकाच्या वाट्याला रोज सुमारे 38 ग्रॅम, म्हणजे 340 कॅलरी. एका मोठ्या भाकरीएवढ्या, आणि त्या दिसतसुद्धा नाहीत. 3 लिटरवर आणलं तर घरातल्या प्रत्येकाचे रोजचे 135 वाचतात, कुणाच्याही ताटातला घास न काढता.

आपल्याकडे तेलाबरोबर कूट येतं. दाण्याचं कूट 100 ग्रॅमला 520. मोठा चमचा शीग लावून घेतला तर 12-15 ग्रॅम सहज, म्हणजे 60 ते 80. खर्ड्यात दाणे, चटणीत दाणे, कोशिंबिरीत दाणे, भाजीत दाणे. दाणे वाईट नाहीत, पण प्रत्येक पदार्थात घातले तर मोजून घाला. घरचा कांदा-लसूण मसालाही तेलात परतलेला असतो. तो चिमटीने नाही, चमच्याने पडतो.

*पातेलं.* सगळ्यांसाठी एक स्वयंपाक आणि आपल्यासाठी वेगळा, असं महिनाभरही टिकत नाही. एकाच पातेल्याचा हिशेब करा. मटकीची उसळ घ्या: कोरडी मटकी 200 ग्रॅम (580), तेल 3 मोठे चमचे (360), कूट 30 ग्रॅम (155), सुकं खोबरं 20 ग्रॅम (130), कांदा-टोमॅटो (40). एकूण 1265. रिकाम्या पातेल्याचं वजन आधी लिहून ठेवलेलं असेल, तर शिजल्यावर भरलेलं पातेलं तोलून ते वजा करा. उसळ 1100 ग्रॅम भरली, तर 100 ग्रॅमला 115. तुमची वाटी 150 ग्रॅमची असेल तर 172. पातेल्यांची वजनं वहीच्या मागच्या पानावर एकदाच लिहिली की झालं.

रश्श्याच्या बाबतीत एक गोम आहे. तर्री वर तरंगते. पहिली वाढी वरून घेतली तर तेल तुमच्या वाटीत आणि हिशेब सगळ्यांचा. आपली वाटी भरताना पळी तळापर्यंत घालून ढवळा, किंवा कट बाजूला सारून खालचं घ्या.

कच्च्या मालाच्या कॅलरीसाठी हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने 2017 मध्ये काढलेले भारतीय अन्नघटक तक्ते वापरा. मोबाइल अॅपमध्ये "भाकरी 1 नग" निवडू नका. "ज्वारीचं पीठ 70 ग्रॅम" असं भरा. पाकिटावर "प्रति 100 ग्रॅम" आणि "प्रति सर्व्हिंग" असे दोन रकाने असतात. डोळा आपोआप लहान आकड्यावर जातो.

6. आकडा ताटात बसवणं

वरच्या उदाहरणातल्या बाईंसाठी 1300 च्या आसपासचा एक दिवस:

सकाळ-संध्याकाळ गाईच्या दुधाचा चहा, एक चमचा साखर: दोन्ही मिळून 130. नाश्त्याला 50 ग्रॅम मूगडाळ भिजवून केलेलं धिरडं, एक छोटा चमचा तेल: 205. दुपारी 70 ग्रॅम पिठाची भाकरी, मटकीची एक वाटी, काकडी-कांदा, 100 ग्रॅम दही: 475 च्या घरात. संध्याकाळी 20 ग्रॅम फुटाणे आणि एक पेरू: 115. रात्री 50 ग्रॅम पिठाची लहान भाकरी, 30 ग्रॅम डाळीची आमटी, एखादी पालेभाजी: 340. बेरीज 1265.

पोट भरतं का? भरतं. प्रथिनं मात्र साधारण 52 ग्रॅमच होतात. वजन उतरवताना किलोमागे निदान 1 ग्रॅम धरा, नाहीतर चरबीबरोबर स्नायूही जातात. म्हणजे इथे 68 हवीत. फुटाण्यांच्या जागी 30 ग्रॅम सोयाबीन वड्या रात्रीच्या भाजीत टाकल्या, तर 11 ग्रॅम वाढतात आणि कॅलरी 30 नेच चढतात. खाणाऱ्यांना धिरड्याऐवजी तीन उकडलेली अंडी घेता येतात. मटण-चिकन असेल तर फोडी तोलून घ्या आणि रस्सा बेताने. आपल्याकडे रस्साच जास्त जातो.

दुधाकडे जरा लक्ष द्या. म्हशीचं दूध 100 मिलिलिटरला 107, गाईचं 73. बऱ्याच घरी म्हशीच्या दुधावरची साय काढली जाते आणि "आम्ही साय खात नाही" असंही सांगितलं जातं. त्या सायीचं लोणी होतं, लोण्याचं तूप होतं, आणि ते तूप आठ दिवसांनी गरम भातावर परत येतं.

7. चार आठवड्यांनी खरा हिशेब

आकडा पाळायला लागल्यावर पहिल्या आठवड्यात दीड-दोन किलो उतरलं तर पेढे वाटू नका. शरीरातला साखरेचा साठा कमी होतो आणि प्रत्येक ग्रॅमबरोबर तीनेक ग्रॅम पाणी जातं. ते वजन पाण्याचं. हिशेब दुसऱ्या आठवड्याच्या सरासरीपासून पाचव्या आठवड्याच्या सरासरीपर्यंत करा. पाळी चालू असलेल्या बायकांनी मागच्या महिन्यातल्या त्याच आठवड्याशी तुलना करावी, कारण पाळीआधी अंगात पाणी साचतं.

एक किलो चरबी म्हणजे ढोबळमानाने 7700 कॅलरी. त्यावरून लक्षात ठेवायचं सूत्र असं: आठवड्याला 100 ग्रॅम उतरणं म्हणजे रोज 110 कॅलरीची तूट.

बाईंनी रोज सरासरी 1400 खाल्लं (ठरवलं होतं 1350, पण वही खरी), आणि वजन आठवड्याला 250 ग्रॅमने उतरलं. तूट 275. म्हणजे त्यांचा खरा स्थिर आकडा (जेवढं खाल्लं तर वजन हलत नाही तो) 1675, सूत्राने सांगितलेला 1757 नाही. आता वेग ठरवा. आठवड्याला शरीराच्या वजनाच्या अर्धा टक्का हा झेपणारा वेग. 68 किलोला 340 ग्रॅम. त्यासाठी तूट 375, आणि खायचा आकडा 1300. हा आकडा त्यांचा. शेजारणीचा वेगळा येईल, जावेचाही वेगळा.

वजन हललंच नाही, तर लगेच 200 कापू नका. आधी तीन दिवस काटेकोर तोलून बघा. बहुतेक वेळा तेल, कूट किंवा रविवार सापडतो. काहीच सापडलं नाही, तर मग 100 कमी करा, नाहीतर रोज दोनेक हजार पावलं वाढवा, आणि आणखी तीन आठवडे थांबा.

उलट, अंगात त्राण नाही, थंडी वाजते, झोप लागत नाही, पाळी चुकली, तर आकडा फार खाली गेला आहे. 150 वाढवा आणि डॉक्टरांना दाखवा.

8. नेहमीचे घोटाळे

व्यायामाचं उसनं. अजिंक्यतारा पायथ्यापासून चढून उतरलं, तर मध्यम वजनाच्या माणसाचे ढोबळमानाने 200 ते 300 जातात. खाली येऊन मिसळ-पाव आणि चहा घेतला की तेवढे परत आणि वर तेवढेच शिल्लक. कृष्णेच्या घाटावर फेरी मारून भडंगाचा पुडा घेतला, तरी तेच. चुरमुरे हलके, पण भडंगात तेल आणि दाणे असतात. 50 ग्रॅमला सव्वादोनशे-अडीचशे धरा. चालणं गुणकात आधीच धरलेलं आहे, घड्याळात दिसलेल्या कॅलरी परत खाऊ नका.

"नैसर्गिक" म्हणून मोफत. गूळ आणि साखर जवळजवळ सारखीच. कोमट पाण्यातला मोठा चमचाभर मध 60. तासगावचा मूठभर बेदाणा, 30 ग्रॅम, 90. रसवंतीवरचा मोठा ग्लास सव्वाशे ते दीडशे. मोजून खायला हरकत कशाचीच नाही. त्यामानाने महाबळेश्वरची स्ट्रॉबेरी 100 ग्रॅमला 30-35 वर सुटते, क्रीम न घालता.

कंदी पेढा. 20-25 ग्रॅमचा एक पेढा 80 ते 100. एक खा आणि लिहा. बॉक्स मात्र घरात उघडा ठेवू नका.

उपवास. शाबूच्या खिचडीची भरलेली ताटली 450 ते 500 ला सहज पोचते, कारण त्यात शाबूपेक्षा दाणे आणि तूप बोलतात. एकादशीला वजन उतरत नाही ते यामुळे. वरीचा भात मोजून आणि ताक, हे बरं.

रविवारची सूट. सहा दिवस 1300 आणि रविवारी मटण, भाकऱ्या, सोलकढी, वर आइस्क्रीम मिळून 2900. सात दिवसांची सरासरी 1530 पर्यंत चढते. वरच्या हिशेबातली 375 ची तूट 145 वर येते.

9. बेंदूर, जत्रा, लग्न

बेंदराला (बैलांच्या सणाला) पुरणपोळी खायचीच. दोन पोळ्या, तूप, कटाची आमटी, भजी असं करत दिवस 2000 वर गेला, तर 700 जादा. त्याची चरबी होते फार तर 90 ग्रॅम. दुसऱ्या दिवशी काटा दीड किलो वर दाखवेल. ते मीठ, पाणी आणि पोटातलं अन्न. चार दिवसांत उतरतं. दुसऱ्या दिवशी उपाशी राहून फेड करू नका, त्याने संध्याकाळी दुप्पट जातं. नेहमीच्या आकड्यावर परत या, एवढंच.

जत्रेच्या पंगतीत तोलता येत नाही. तिथे नियम ताटाचा: भाकरी एक, रस्सा एकदा, फोडी हव्या तेवढ्या, भात शेवटी मूठभर. आग्रह करणाऱ्याला कारण सांगत बसू नका. ताटात थोडं शिल्लक ठेवा. रिकामं ताट दिसलं की वाढणारा थांबत नाही.

10. पुढे

दर 4-5 किलोला सातवी पायरी परत करा. हलक्या शरीराला कमी लागतं, म्हणून 68 ला चालणारा आकडा 60 ला चालत नाही. तीन महिने सलग झाले की दोन आठवडे स्थिर आकड्यावर खा.

ठरवलेलं वजन आलं की एकदम जुन्या ताटावर जाऊ नका. दर आठवड्याला 100 कॅलरी वाढवा, म्हणजे भाकरीत 30 ग्रॅम पीठ, किंवा 20 ग्रॅम कूट. सरासरी वजन दोन आठवडे हललं नाही की तो आकडा वहीत तारखेसह लिहा आणि रोजचं तोलणं बंद करा. महिन्यातून एक दिवस भाकरीचं पीठ तोला, आणि तेलाच्या डब्यावर तारीख टाकत राहा.